मंगळावरचे ते गोल गोळे म्हणजे आपल्या गारगोट्याच का?

माळावरचा_धोंडा:
मंडळी, बेसिक प्रश्न आहे, हसू नका. ऑपर्च्युनिटी रोव्हरचे २००४ चे फोटो बघत होतो, ईगल क्रेटरमध्ये उतरलं तेव्हाचे, तर जमिनीवर सगळीकडे बुंदी सांडल्यासारखे बारीक गोळे. ब्लूबेरी म्हणतात म्हणे त्यांना. मी संगमनेरकडचा, आमच्या माळावर काळ्या दगडात पांढरे गोळे असतात, दगड झिजला की त्या गारगोट्या खाली पडतात, मला तर सेम टू सेम वाटलं. मग हेही ज्वालामुखीचंच प्रकरण का? आणि २०२५ मध्ये दुसऱ्या रोव्हरला, पर्सिव्हरन्सला, गोळ्यांचा दगड सापडला तोही हाच प्रकार का?

काळा_पाषाण:
झिजून खाली पडण्याचा भाग बरोबर आहे तुमचा. दगड मऊ, गोळे कडक, वारा दगड खाऊन टाकतो आणि गोळे उरतात. पण जन्म वेगळा. आपल्याकडे लाव्हा थंड होताना गॅसचे बुडबुडे अडकले, ती भोकं पुढे पाण्यातून आलेल्या झिओलाइट नाहीतर क्वार्ट्झ अशा खनिजांनी भरली, म्हणजे आधी भोक, मग भरणा. मेरिडियानीचा, म्हणजे ऑपर्च्युनिटी उतरलं त्या मैदानाचा, खडक मुळात क्षारांनी भरलेला वाळूचा खडक, त्यात जमिनीखालचं पाणी झिरपलं आणि लोह एकेका जागी साचत साचत गोळा आतल्या आत वाढला, भोक नव्हतंच कधी. उल्का आदळून उडालेले वितळलेले थेंब असते तर एखाद्याच थरात खच पडला असता, हे सगळ्या थरांत विखुरलेत.

यातलं हेमॅटाइट, म्हणजे ते लोहाचं खनिज, कसं शोधलं ते मला जाम आवडतं. गोळा जेमतेम काही मिलिमीटरचा, एकट्याचं माप घेता येईना, मग बेरी बोल नावाच्या खळग्यात गोळे साठले होते तिथे यंत्र टेकवलं, नंतर शेजारच्या उघड्या दगडावर, आणि दोन्हीतला फरक पाहिला. बास. हेमॅटाइट तिथे आहे हे मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ग्लोबल सर्व्हेअर यानाने वरून आधीच पाहिलं होतं, म्हणून तर ती जागा निवडलेली.

रात्रपाळी:
गोल दिसलं की ब्लूबेरी असं नाही हां. २०१२ मध्ये ऑपर्च्युनिटीलाच एंडेव्हर क्रेटरच्या काठावर, कर्कवूड नावाच्या जागी, गोळ्यांनी खच्चून भरलेला खडक दिसला, सगळे खूश, आणि तपासलं तर त्यात हेमॅटाइट तेवढं नाहीच! पर्सिव्हरन्सचा तुम्ही म्हणताय तो सेंट पॉल्स बे, जेझेरो क्रेटरच्या काठावरचा. त्यात काही गोळे लांबट, काहींना टाचणीएवढी भोकं. पण तो सुटा दगड, दुसरीकडून घरंगळत आलेला, त्यामुळे मूळ थर सापडल्याशिवाय काय बोलणार.

चहाबाज:
आणि तो जेली डोनट विसरलात का 😄 २०१४ मध्ये ऑपर्च्युनिटीसमोर अचानक एक दगड प्रकट झाला, आधीच्या फोटोत नाही आणि नंतरच्यात आहे, लोकांनी काय काय तर्क लढवले. शेवटी निघालं काय, तर रोव्हरच्याच चाकाखाली दगड फुटून तुकडा उडाला होता. त्यात गंधक आणि मँगनीज मात्र भरपूर सापडलं.

माळावरचा_धोंडा:
भारी! पण मग निळे का दिसतात?

काळा_पाषाण:
निळे नाहीत हो, करडे आहेत, फोटोचे रंग मुद्दाम भडक केलेले असतात. बाकी तुमच्या माळावरची एखादी गारगोटी फोडून आतला फोटो टाका की, आत काय भरलंय ते दिसेल.