कोंडीवर उपाय कोणता: रुंद रस्ते की धड रस्ते?

धागाकर्ता:
नवा उड्डाणपूल बांधण्याआधी आहे तो रस्ता धड करा, असं माझं ठाम मत आहे. माझ्या रोजच्या वाटेवर सिग्नलच्या जरा अलीकडे एक खड्डा आहे. दुचाकीवाला तो चुकवायला उजवीकडे घेतो, मागची कार कचकन ब्रेक दाबते, तिच्यामागची बस शेजारच्या लेनमध्ये घुसते. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होतो तरी निम्म्या गाड्या तिथेच. तीन लेनचा रस्ता त्या खड्ड्यापाशी दीड लेनचा होतो.
जपानमध्ये २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या ताशी ३० किमी वेगाने फिरवून पाहिल्या होत्या (२००८ साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला). खड्डा नाही, सिग्नल नाही, तरी थोड्याच वेळात कोंडी झाली. पुढच्याने जरा वेग कमी केला की मागच्याला त्याहून जास्त करावा लागतो, आणि ते मागे मागे सरकत जातं. गुळगुळीत रस्त्यावर ही गत, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर काय होणार?

दुचाकीस्वार:
असहमत. खड्डे बुजवायलाच हवेत, पण दर वर्षी रस्त्यावर नव्या गाड्या येतात त्यांचं काय? रस्ता तेवढाच आणि वाहनं दुप्पट. माझ्या डोळ्यांसमोर रुग्णवाहिका सायरन वाजवत जागच्या जागी उभी होती. बाजूला सरकायचं म्हटलं तरी कुणाला जागाच नव्हती. रुंदीकरण हवंच.

बसवाला:
रुंदीकरणाने सुटलं असतं तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये सुटलं असतं. तिथला केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला, काही ठिकाणी सेवा रस्ते धरून २६ लेन. काही वर्षांतच गर्दीच्या वेळी पुन्हा रखडपट्टी. रस्ता मोकळा दिसला की आधी गाडी न काढणारेही काढतात. उलट दक्षिण कोरियातल्या सोल शहरात उन्नत महामार्ग पाडून २००५ साली खालचा ओढा खुला केला, त्याने शहर काही ठप्प झालं नाही. गर्दीच्या भागात यायला शुल्क लावा, लंडनने २००३ पासून लावलंय.

उपनगरवासी:
शुल्क कोण भरणार? ज्याला शहरात घर परवडत नाही तोच लांबून येतो. बस पाऊण तास येत नाही म्हणून मी कर्ज काढून दुचाकी घेतली. आता त्याचाही दंड द्यायचा?

बसवाला:
तुमचा राग रास्त आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. स्वीडनमधल्या स्टॉकहोमने ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बस सुरू केल्या, शुल्काची चाचणी जानेवारी २००६ मध्ये. शुल्काची हद्द ओलांडणारी वाहनं साधारण पाचव्या हिश्श्याने घटली.

रस्तेकामवाला:
मी बरीच वर्षं डांबरीकरणाच्या कामावर होतो, म्हणून खड्ड्याबद्दल बोलतो. बारीक भेगेतून पाणी आत जातं, खालचा थर भिजून मऊ होतो. वरून चाक गेलं की तेच पाणी दाबाने बारीक माती घेऊन बाहेर येतं. खाली पोकळी, वर नुसता डांबराचा पापुद्रा. तो तुटला की खड्डा. आणि बुजवताना काय होतं? साचलेल्या पाण्यातच मिश्रण ओततात, फावड्याने थोपटतात, रोलर नाही. दोन दिवसांत खडी रस्ताभर. कडा चौकोनी कापून, आतलं सुकवून, डांबराचा हात मारून, थर दाबून भरला तर तो टिकतो. गटार तुंबलेलं असेल तर मात्र काहीही करा, टिकणार नाही.
शिवाय रस्ता कारमुळे फुटत नाही, लादलेल्या ट्रकमुळे फुटतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या चाचण्यांतून निघालेला ठोकताळा असा, की अ‍ॅक्सलवरचं (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरचं) वजन दुप्पट झालं तर झीज सुमारे सोळापट.

दुचाकीस्वार:
हे पटलं. पण मग रुंद रस्त्याचं डांबरही असंच जाणार, म्हणजे दुरुस्तीही दुप्पट. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. रुग्णवाहिकेचा प्रश्न तरीही सुटत नाही.

धागाकर्ता:
त्यासाठी बसची वेगळी मार्गिका द्या, तीच रुग्णवाहिकेला मोकळी ठेवा. रुंदीकरण न करताही हे जमतं. फक्त त्या मार्गिकेत पहिल्याच पावसाळ्यात केबलसाठी चर खणून ती मातीने बुजवू नका. आमच्या रस्त्यावर तो खड्डा बरोबर अशाच चरीवर पडलाय.