गगनयान: माणूस बसवण्याआधी तीन रिकामी उड्डाणे हवीत की दोन पुरेत?

ध्रुवपद (धागाकर्ता)

गगनयानात माणूस जाण्याआधी जी-१, जी-२, जी-३ अशी तीन मानवरहित उड्डाणे योजलेली आहेत. पहिल्यात व्योममित्र हा यंत्रमानव. 'पहिली दोन नीट झाली तर तिसरे गाळा, वर्ष वाचेल' असे हल्ली बरेच जण लिहितात. मला ते साफ नामंजूर आहे.

गाळा म्हणणारे गगनयान नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटचा लौकिक पुढे करतात. लौकिक खराच आहे. २०१४ च्या केअर चाचणीपासून ते चांद्रयान-३ आणि नोव्हेंबर २०२५ च्या सीएमएस-०३ उपग्रहापर्यंत हे रॉकेट एकदाही फसलेले नाही. पण अंतराळवीर त्या रॉकेटवर असणार जेमतेम १६ मिनिटे. पुढचे तीन दिवस ते ज्या यानात राहतील, ते जी-१ आधी एकदाही कक्षेत गेलेले नाही.

परतीचेच घ्या. ४०० किमीवरून खाली यायला वेग सेकंदाला सुमारे १०० मीटरने कमी करावा लागतो. सेवा कक्षात ४४० न्यूटनची पाच इंजिने आहेत, म्हणजे एकूण २२०० न्यूटन, आणि यानाचे वजन साधारण ८.२ टन. भागाकार केला की सहा मिनिटांहून जास्त वेळ ती इंजिने सलग जळायला हवीत. एक बंद पडले तर पावणेआठ मिनिटे, शिवाय जोर एका बाजूला कलणार आणि तो १०० न्यूटनच्या छोट्या थ्रस्टरांनी सावरायचा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ उपग्रहाला रॉकेटने बिनचूक सोडले, पण उपग्रहातल्या ऑक्सिडायझरच्या (इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाच्या) झडपा उघडल्या नाहीत आणि कक्षा उंचावता आली नाही. माणसे आत असताना झडप उघडली नाही तर ती तिथेच अडकतात.

म्हणून तीनही उड्डाणे हवीत, आणि तिसरे हुबेहूब मानवी उड्डाणासारखे हवे. एक नळीही वेगळी नको.

काळवीट

असहमत. रिकामे उड्डाण म्हणजे पुरावा, हे गृहीतकच कच्चे आहे. एका उड्डाणात एकच परिस्थिती दिसते, आणि बहुधा ती चांगली असते. वाईट परिस्थिती जमिनीवर मुद्दाम घडवावी लागते.

पॅराशूट बघा. कुपीवर (यानाचा माणसे बसतात तो भाग) एकूण दहा: वरचे झाकण ओढणारी दोन, वेग मारणारी दोन ड्रोग, मुख्य पॅराशूट बाहेर काढणारी तीन आणि मुख्य तीन. मुख्य पॅराशूट एकदम पूर्ण उघडले तर झटक्याने फाटेल, म्हणून कडेची दोरी आवळून आधी अर्धवट उघडतात आणि मग पायरो कटर (स्फोटकाने चालणारी कात्री) ती दोरी कापतो. एका पॅराशूटचा कटर उशिरा चालला तर सगळा भार आधी उघडलेल्यावर येतो. ३ नोव्हेंबर २०२५ ला झाशीजवळच्या बबिना रेंजवर नेमके हेच करून पाहिले: आयएल-७६ विमानातून अडीच किमीवरून भार टाकला आणि दोन मुख्य पॅराशूटांच्या उघडण्यात मुद्दाम अंतर ठेवले. जी-१, जी-२, जी-३ तिन्ही झाली तरी ही स्थिती आपोआप येईलच असे नाही.

एलव्हीएम-३ च्या वरच्या टप्प्यातल्या सीई-२० इंजिनाचेही तसेच. मानवी उड्डाणासाठी ३९ वेळा पेटवले, ६३५० सेकंदांची अट असताना ८८१० सेकंद चालवले. एका उड्डाणात ते किती चालेल? दहा-बारा मिनिटे.

आणि तिसरे उड्डाण फुकट नाही. चांद्रयान-४ ला दोन एलव्हीएम-३ लागणार, भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८ ला न्यायचा आहे. वालचंदनगरला एस-२०० च्या (एलव्हीएम-३ च्या बाजूचे घन इंधनाचे रॉकेट) आवरणाचे भाग बनतात, विक्रोळीला त्याची विकास ही द्रव इंजिने. ही काय रांगेने बाहेर पडणारी वाहने नाहीत. एक रॉकेट इकडे दिले की दुसरीकडची मोहीम मागे सरकते.

उल्का_निरीक्षक

@काळवीट, पॅराशूटचा मुद्दा मान्य. पण जमिनीवरची चाचणी 'जास्त कठीण' असली म्हणजे सुरक्षित, हे नासाच्या आर्टेमिस-१ या चंद्राकडच्या रिकाम्या उड्डाणाने खोटे ठरवले आहे. त्यातल्या ओरायन यानाच्या उष्णताकवचाचे तुकडे शंभरावर ठिकाणी निघाले. आधीच्या भट्टी-चाचण्यांत उष्णता प्रत्यक्षापेक्षा जास्त दिली होती, त्यामुळे कोळशाचा थर नीट सच्छिद्र बनला आणि आतला वायू निघून गेला. खऱ्या परतीत यान वातावरणात बुडून पुन्हा वर उसळले. त्या मधल्या टप्प्यात उष्णता कमी पडली, थर सच्छिद्र झाला नाही, वायू आत कोंडला आणि भेगा पडल्या. म्हणजे सौम्य परिस्थितीच घातक निघाली. डिसेंबर २०२२ ला यान परतले आणि कारण जाहीर व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला.

काळवीट

ते यान चंद्राकडून सेकंदाला ११ किमी वेगाने आले होते आणि उसळी घेणारा मार्ग होता. गगनयान ७.८ किमीने येईल, उसळी नाही. ती तुलना इथे ओढू नये.

उल्का_निरीक्षक

वेगाची तुलना नाहीच. तुम्ही ज्या स्थितीचा विचार केला नाही, तिची चाचणी तुम्ही घेऊ शकत नाही, एवढेच म्हणणे आहे. गगनयानाचीच टीव्ही-डी१ चाचणी आठवा, २१ ऑक्टोबर २०२३. निसटण्याची यंत्रणा (रॉकेट बिघडले तर कुपी दूर नेणारी) ठरल्याप्रमाणे चालली, पॅराशूट उघडली, आणि कुपी समुद्रात उलटी तरंगत राहिली. हे खऱ्या पाण्यातच कळले.

त्यातच भर घालतो: त्या चाचणीचे रॉकेट एका द्रव इंजिनाचे होते, ते बंद करता येते. एलव्हीएम-३ वर शेजारी दोन एस-२०० जळत असतील. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही, प्रत्येकात दोनशे टनांवर इंधन. त्यांच्यापासून निसटायचे तर कुपीला त्यांच्यापेक्षा जास्त वेग घ्यावा लागतो. या फरकावर इथे कोणी बोलत नाही.

मृगशीर्ष

तुम्ही दोघेही आकड्यावर भांडताय. आकडा दुय्यम आहे.

बोइंगचे स्टारलायनर यान बघा. डिसेंबर २०१९ ला पहिले रिकामे उड्डाण, घड्याळ ११ तासांनी चुकले, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापर्यंत पोचलेच नाही. मे २०२२ ला दुसरे. ते पोचले, पण काही थ्रस्टर वाटेत बंद पडले. मुळाशी न जाता पुढे गेले. जून २०२४ ला दोन माणसे बसवली तर पाच थ्रस्टर बंद, हेलियमची गळती, आणि शेवटी सप्टेंबरात यान रिकामेच उतरवावे लागले. दोन रिकामी उड्डाणे होऊनही हे झाले.

उलट स्पेसएक्सचे ड्रॅगन यान. मार्च २०१९ ला एकच रिकामे उड्डाण, पुढच्याच महिन्यात तीच कुपी जमिनीवरच्या चाचणीत फुटली. कारण खोदून काढले: झडपेतून ऑक्सिडायझर हेलियमच्या नळीत झिरपला होता आणि दाब देताच टायटॅनियमने पेट घेतला. झडपांच्या जागी एकदाच फुटणाऱ्या चकत्या बसवल्या, जानेवारी २०२० ला हवेत निसटण्याची चाचणी घेतली आणि मे मध्ये माणसे गेली.

नियम असा हवा: ज्या दोषाचे कारण सापडले नाही, तो उघडा समजायचा, आणि उघडा दोष असताना माणूस बसवायचा नाही. इस्रोचे दुसरे रॉकेट पीएसएलव्ही मे २०२५ ला सी-६१ आणि जानेवारी २०२६ ला सी-६२ या उड्डाणांत, दोन्ही वेळा तिसऱ्या टप्प्यातच अडखळले. साठ उड्डाणांचा लौकिक तिथे कामाला आला नाही.

ध्रुवपद

@मृगशीर्ष, नियम मान्य. तरी तिसऱ्याचा आग्रह सोडत नाही, कारण श्वासाची यंत्रणा. एक माणूस दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तिघांचे तीन दिवसांत नऊ किलो. भारहीनतेत गरम हवा वर जात नाही. पंखा थांबला तर सोडलेला वायू तोंडापुढेच साचतो, आणि घामाची वाफ थेंब होऊन भिंतीवर न ओघळता तशीच चिकटून राहते. जमिनीवर हे दाखवता येत नाही. आर्टेमिस-१ मध्येही ही पूर्ण यंत्रणा नव्हती. तिसऱ्या उड्डाणात सिलिंडरमधून मोजून कार्बन डायऑक्साइड सोडा, प्रत्येक आसनावर शंभर वॉटचा हीटर आणि वाफेची सोय ठेवा, आणि तो वायू शोषणारा डबा बदलायच्या वेळी आकडा किती चढतो ते मोजा.

काळवीट

हे पटले, पण मग तेच दुसऱ्या उड्डाणात का नको? दुसऱ्यातच पूर्ण यंत्रणा बसवा. आकडे चांगले आले तर तिसरे रद्द करा, वाईट आले तर तिसरे आहेच.

ध्रुवपद

चालेल, एका अटीवर. दुसऱ्यानंतर यंत्रणेत काहीही बदलले, पंख्याची मोटर बदलली तरी, तिसरे व्हायलाच हवे. आणि हा निर्णय यान समुद्रातून काढून, उघडून, कवचाचे नमुने कापून मोजल्यावर घ्यायचा. उतरल्याच्या संध्याकाळी पत्रकार परिषदेत नाही.