काकुमाचं सरपण

"निर्वासित आले की गावाचं सरपण संपतं, मग भांडण होणारच" असं म्हणतात, पण हा मुद्दा मला अर्धाच पटतो. केनियातलं काकुमा बघा, 1992 पासूनची निर्वासितांची छावणी, आजूबाजूला तिथले मूळचे तुर्काना लोक, बहुतेक शेळ्या-उंटांवर जगणारे. तिथे झाडं तुर्कानांची असंच मानतात, त्यामुळे छावणीतली बाई लाकूड तोडायला बाहेर गेली तर मार खाऊ शकते, कधी त्याहून वाईट. मदत संस्थांकडून निर्वासितांना जे सरपण मिळतं ते पुरत नाही. मग करायचं काय? तर त्याच तुर्काना बायका डोक्यावर मोळ्या आणि कोळसा घेऊन छावणीत येतात आणि बदल्यात निर्वासितांना मदतीत मिळालेल्या रेशनचा मका, ज्वारी, पीठ घेऊन जातात. म्हणजे निर्वासित घरातलं धान्य कमी होतं, आणि तेही तेच धान्य शिजवायला लाकूड हवं म्हणून, काय बोलणार यावर!

आणि आणखी एक, रेशन कापलं की फटका छावणीबाहेरच्या तुर्कानांनाही बसतो, कारण मोळीच्या बदल्यात द्यायला धान्यच उरत नाही. दुष्काळात शेळ्या मेल्या की तुर्काना घरांना याच धंद्याचा आधार. मला तरी लाकडापेक्षा मदतीतला वाटा हा खरा वाद वाटतो, छावणीला फुकट धान्य आणि शेजारच्या उपाशी तुर्कानाला तितकं काही नाही, मग राग लाकडावरून निघतो.