प्रति: गॅदरिंग आणि प्रश्नमंजूषा एकाच दिवशी

दुपारी प्रश्नमंजूषा अन् संध्याकाळी गॅदरिंगचा नाच, नववीतल्या मुलीला एक सोडायला लावू का, असं तुम्ही विचारलंय. काहून सोडायचं? मागच्या वर्षी आमच्या पोट्टीवर हेच आलं. नऊवारी घरूनच नेसवली, वरून शाळेचा स्वेटर, घुंगरू डब्याच्या पिशवीत. शेवटचा प्रश्न: हिवाळी अधिवेशन नागपुरात कोणत्या करारामुळे? हिने बझरवर असा हात आपटला की टेबल हललं. 'नागपूर करार, १९५३!' दुसरा नंबर. मग सीताबर्डीच्या गर्दीतून स्कूटी. नाचताना गजरा सुटून पाहुण्यांच्या पायाशी पडला. हिने गिरकी घेत उचलला. लोकांना वाटलं, बसवलेलंच आहे! काष्ट्याला मात्र चार पिना जास्त लावा.