सल्ला हवा आहे: आठ हजार पौंडांत जुनी ब्रिटिश मोटारसायकल, बॉनव्हिल घ्यावी की कमांडो?

कॉव्हेंट्रीकर
नमस्कार मंडळी. मी कॉव्हेंट्रीला असतो. मेरिडनचा ट्रायम्फचा कारखाना इथून जवळच होता. आता तिथे घरं उभी आहेत आणि गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज. रोज त्या बाजूने जाऊन जाऊन डोक्यात किडा वळवळायला लागला आहे.

गाडी रविवारी चालवायची आहे, दिवाणखान्यात ठेवायला नको. साताऱ्यात वडिलांच्या बुलेटवर हात बसलेला आहे, त्यामुळे पॉइंट, टॅपेट, क्लचची केबल ही कामं घरी करतो. बजेट आठ हजार पौंड, थोडं ताणता येईल. सध्या दोन गाड्या नजरेत आहेत. एक १९७० ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०आर, अमेरिकेतून परत आणलेली, रंग आणि क्रोम चकाचक. मागणी ७,८००. दुसरी १९७३ ची नॉर्टन कमांडो ८५०, दिसायला जरा रापलेली, पण मालक दर उन्हाळ्यात चालवतो म्हणे. तो ८,५०० म्हणतोय.

प्रश्न तीन. कुठली घेऊ? दहा वर्षांनी विकली तर पैसे बुडणार नाहीत ना (हा बायकोचा प्रश्न)? आणि पुढेमागे पुण्याला परतलो तर सोबत नेता येईल का?

जुना_फिटर
बायकोचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावर लोक फार थापा मारतात.

जुन्या ब्रिटिश गाड्यांचा बाजार एक नाही, दोन आहेत. वरच्या बाजारात ब्रफ सुपिरियर आणि व्हिन्सेंट. २०१६ मध्ये बॉनहॅम्सच्या स्टॅफर्डच्या लिलावात एक चार सिलिंडरची ब्रफ ३,३१,९०० पौंडांना गेली. २०१८ च्या जानेवारीत लास व्हेगासला एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ९,२९,००० डॉलरला. वर्तमानपत्रात हेच आकडे येतात आणि मग ज्याच्या शेडमध्ये गंजका बीएसए बँटम पडला आहे त्यालाही वाटतं आपल्याला घबाड लागलं.

तुम्ही ज्या बाजारात आहात तो खालचा. इथल्या भावांना काही वर्षांपासून उतार आहे. कारण सरळ आहे. १९६५ साली सतरा वर्षांचा पोरगा ज्या बॉनव्हिलकडे बघून लाळ गाळायचा, तो पन्नाशीत पैसेवाला झाला आणि त्याने ती घेतली. भाव चढले ते त्याच्यामुळे. आज तो पंच्याहत्तरी ओलांडून गेलाय, गुडघे किक मारू देत नाहीत. गाड्या विकायला निघतात, नाहीतर मुलं विकतात. त्याच्या मागून आलेल्या पिढीचं स्वप्न वेगळं: होंडा सीबी७५०, कावासाकी झेड१. होंडा १९६९ साली सेल्फ स्टार्ट आणि डिस्क ब्रेक घेऊन आली आणि खाली तेलाचं डबकंही करत नव्हती. तीच गाडी आता जुन्या गाड्यांच्या बाजारातही ब्रिटिश गाड्यांच्या मागे लागली आहे.

म्हणून गुंतवणूक वगैरे विसरा. पण बुडेल असंही नाही. चांगली टी१२० सात-आठ हजारांच्या आसपास मागतात, बरी कमांडो आठ ते दहा, बीएसए ए६५ त्याहून बरीच खाली. हे भाव वेड्यासारखे चढणार नाहीत, पण नवीन गाडी शोरूमबाहेर काढताच जसा भाव पडतो तसंही इथे होत नाही. वर्षाला थोडं कमी-जास्त, तेवढ्यात हौस भागते.

अवांतर: बॉनव्हिलमध्ये १९६८ ते ७० या सालांना मान जास्त. १९७१ पासून तेल फ्रेममध्येच भरायला लागले आणि सीट इतकी उंच झाली की आपल्या उंचीच्या माणसाचे सिग्नलला पाय टेकेनात.

मागचं_चाक
एवढ्या पैशात रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घ्या आणि वर युरोपची ट्रिप करा. लेस्टरजवळ ब्रंटिंगथॉर्पला त्यांचं संशोधन केंद्र, चेन्नईत कारखाना. तुमच्या त्या दोघींसारखी पॅरलल ट्विनच आहे (शेजारी शेजारी दोन सिलिंडर), किक नाही, गळती नाही. हौशीला मोल नसतं हे मान्य, पण पाठीला असतं.

कॉव्हेंट्रीकर
@मागचं_चाक, इंटरसेप्टर चालवून बघितली. छानच आहे. पण काही बिघडलं तर मी नुसता बघत बसणार. मला पाना हातात धरायचाय हो.

नॉर्टनवाला_लीड्स
मग कमांडोच. थोडं पक्षपाती लिहितोय, सांभाळून घ्या.

कमांडो १९६७ च्या शोमध्ये आली तेव्हा नॉर्टनची अडचण ही होती की मोठ्या ट्विनचा थरथराट माणसाच्या मनगटापर्यंत जायचा. त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक एकत्र धरून ती सगळी चौकट रबरावर टांगली. त्यालाच आयसोलास्टिक म्हणतात. उभी असताना गाडी पुढच्या चाकापर्यंत हलताना दिसते, पण तीन हजार आरपीएमच्या आसपास गेलात की सगळं गुळगुळीत. मात्र या रबरांच्या बाजूची फट बरोबर ठेवावी लागते. ढिली झाली की वळणावर गाडी मागून डुलते. बघायला जाल तेव्हा मागचं चाक बाजूने हलवून बघा.

१९७२ ची कॉम्बॅट इंजिनवाली असती तर मी आधी मेन बेअरिंगची पावती मागायला सांगितलं असतं. ती बेअरिंग धडाधड जायची. ७३ च्या ८५० ला जास्त दणकट सुपरब्लेंड बेअरिंग आहेत, ती काळजी नाही.

दोन गोष्टी नक्की बघा. टाकी फायबरग्लासची की पत्र्याची? सप्टेंबर २०२१ पासून इथे साध्या पंपावर ई१० पेट्रोल (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) आहे आणि इथेनॉल जुन्या फायबरग्लासला खातं. आतला थर विरघळून कार्ब्युरेटरमध्ये चिकट गोळा होतो. आतून लेप दिलाय का विचारा, आणि तरीही ई५ वालं महागडं पेट्रोलच भरा. दुसरं, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ऑइलच्या टाकीतलं तेल हळूहळू झिरपून खाली क्रँककेसमध्ये साचतं. सुरू करताच पांढरा धूर निघाला म्हणून पिस्टन गेले असं समजून पळू नका, पण तो दर उन्हाळ्यात चालवतो हे खरं का खोटं, ते मात्र यावरून कळतं.

आणि बुलेटवाल्यांसाठी: उजव्या पायाने गिअर, डाव्याने ब्रेक, पहिला गिअर वर. जुन्या बुलेटसारखंच. ट्रायम्फचाही गिअर उजवीकडे, पण पहिला खाली.

वृंदा_के
कागदांचं मी सांगते, घरात दोन जुन्या गाड्या आहेत आणि फॉर्म भरणं माझ्याकडे.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स शून्य, पण तो शून्यसुद्धा दर वर्षी भरावा लागतो. ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंद झाली आहे ना ते लॉगबुकवर (नोंदणीच्या कागदावर) बघा. मे २०१८ पासून अशा गाड्यांना एमओटी (दर वर्षीची तपासणी) सक्तीची नाही. आम्ही तरीही करून घेतो, चाळीस वर्षांचे ब्रेक कोणीतरी दुसऱ्याने बघितलेले बरे. विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चा (आधीच ठरवलेल्या किमतीचा) घ्या, म्हणजे चोरी झाल्यावर कंपनी आणि तुम्ही भाव घासत बसणार नाही.

अमेरिकेहून आलेल्या बॉनव्हिलचं व्ही५सी लॉगबुक विक्रेत्याच्याच नावावर आहे का? “नोंदणी सोपी आहे, फक्त अर्ज टाकायचा” असं कोणी म्हणालं, तर मग त्यालाच तो अर्ज टाकायला सांगा आणि लॉगबुक आल्यावर पैसे द्या.

जुना_फिटर
वृंदाताईंना +१. बॉनव्हिलबद्दल अजून थोडं.

चकाचक रंगाला भाव देऊ नका, नंबरांना द्या. इंजिनचा नंबर डावीकडे सिलिंडरच्या खाली असतो, फ्रेमचा हँडलच्या मानेवर. दोन्ही जुळायला हवेत. १९६९ पासून ट्रायम्फने इंजिनवरच्या नंबराच्या पट्टीवर बारीक बारीक ‘ट्रायम्फ’ अक्षरं उमटवायला सुरुवात केली आणि त्यावर नंबर ठोकला. कोणी जुना नंबर घासून नवा पंच केला तर ती बारीक अक्षरंही जातात. मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा, पट्टी गुळगुळीत दिसली तर दुकान बंद. नंबराच्या आधीची दोन अक्षरं महिना आणि साल सांगतात. ‘ED’ म्हणजे १९७० चा मे. १९७० ची म्हणून विकतोय आणि दुसरं अक्षर ‘E’ असेल, तर ती ७१ ची आहे.

जुळणाऱ्या नंबरांची, मूळ रंगाची, जरा कळकट गाडी ही आता नव्या रंगाच्या गाडीपेक्षा जास्त मागितली जाते. रंग कोणीही पुन्हा देतो.

मागचं_चाक
याला मात्र माझा विरोध. ‘ओरिजिनल’च्या नावाखाली लोक गंज विकतात. पत्नीला मागे बसवून जायचंय तर चांगली बांधलेली, नवी वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेली गाडी बरी. संध्याकाळी लुकास कंपनीच्या जुन्या दिव्यांच्या भरवशावर घरी आलेला माणूस ‘पॅटिना’ (जुनेपणाची झाक) हा शब्द उच्चारत नाही.

जुना_फिटर
दिव्यांच्या बाबतीत हार मानतो. इग्निशन बदललं तरी चालतं, जुने भाग खोक्यात जपून ठेवले की झालं. नंबर बदलला तर काहीच करता येत नाही, मुद्दा एवढाच.

सदाशिव_पेठी
पुण्याचा प्रश्न राहिला. पूर्वी भारतात १९५० आधीच्याच व्हिंटेज गाड्या आणता यायच्या. २०२५ मध्ये धोरण बदललं, आता पन्नास वर्षं जुनी गाडी चालते, म्हणजे तुमच्या दोन्ही बसतात. इथे आल्यावर २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण रोजच्या वापराला बंदी. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. म्हणजे रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला भजी खायला न्यायची तर ते प्रदर्शन आहे असं ट्रॅफिक हवालदाराला पटवावं लागेल. शिवाय सीमाशुल्क. विकायच्या वेळी ते पैसे कोणी देणार नाही.

माझं मत: इंग्लंडात चालवा, इंग्लंडातच विका. सुटे भाग आणि ब्रिटिश मापाचे पाने तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. इथे मिळतो तो महायुद्धात सैन्याबरोबर येऊन राहिलेल्या बीएसए एम२०चा एखादा जाणकार म्हातारा, आणि त्याच्याकडे आधीच रांग आहे. पुण्यात हौस भागवायला चाकणला बनलेली ट्रायम्फ स्पीड ४०० आहेच.

कॉव्हेंट्रीकर
सगळ्यांचे आभार. बॉनव्हिलवाल्याला फोन केला. लॉगबुक ‘प्रोसेसमध्ये’ आहे आणि इंजिनच्या पट्टीचा फोटो मागितला तर म्हणाला, येऊन बघा. ती गाडी सोडली. शनिवारी कमांडो बघायला जातोय. मालक म्हणतो, तुम्ही यायच्या आत गाडी गरम करून ठेवतो.

नॉर्टनवाला_लीड्स
आत्ताच निरोप पाठवा: गाडीला हात लावू नका. पोचल्यावर आधी सिलिंडरवर तळवा ठेवा, गार हवं; गरम इंजिनात सुरू व्हायची खोड लपते. मग त्याच्यासमोर तुम्हीच सुरू करा. कार्ब्युरेटरचं टिकलर (पेट्रोल भरायचं छोटं बटण) बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबा, क्लच ओढून दोन-तीन मोकळ्या किक मारा म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात, मग इग्निशन. तीन-चार किकमध्ये लागली तर ८,००० पासून बोलायला सुरुवात करा. टाकी फायबरची निघाली तर ७,५०० पासून, पत्र्याच्या टाकीचा खर्च धरून.