रिटायरमेंटचे पैसे मुलाच्या नावावर टाकले तर पुढे त्याची फॅमिली पेन्शन अडेल का?

धानोरीकर

नमस्कार मंडळी. मी सेंट्रल गव्हर्नमेंटला आहे, २००४ च्या आधी लागलेला म्हणजे जुनी पेन्शनवाला, येत्या मे अखेरीस रिटायर होतोय. मुलगा २६ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, सर्टिफिकेटवर ७५ टक्के. आंघोळ-जेवण स्वतःचं स्वतः करतो, कोपऱ्यावरून दुधाची पिशवीपण आणतो पण सुट्टे मोजून घेणं काही जमत नाही, दुकानदार भला माणूस आहे म्हणून चाललंय. तर ग्रॅच्युइटी, जीपीएफ (सरकारी पीएफ), रजेचे आणि कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेले) मिळून बऱ्यापैकी रक्कम येईल, ती सगळी त्याच्या नावावर एफडी करून टाकू म्हणजे आपण डोळे मिटायला मोकळे असं मिसेसचं म्हणणं. ऑफिसमधला एक जण म्हणतो असं अजिबात करू नका, व्याज आलं की तो कमावता धरतात आणि तुमच्या दोघांच्या मागे फॅमिली पेन्शन बंद. दुसरा म्हणतो संजय गांधी निराधार योजनेतून राज्य सरकार महिन्याला देतं ते पण विसरा. खरं काय? बेसिक शेवटी ६० हजारच्या आसपास असेल.

पर्वतीवाला

काका एवढा विचार कशाला, सरळ मुलाच्या नावावर टाका. मुलगा सज्ञान आहे, व्याज त्याचं त्याच्या नावावर लागेल, टॅक्सपण वाचेल. पेन्शनवाले एफडी बघायला थोडेच घरी येतात.

जुना अकाउंट्सवाला

पर्वतीवाले, असे सल्ले देऊ नका राव. घरी नाही येत, पण पेन्शन सुरू करताना आणि पुढे दरवर्षी उत्पन्नाचं लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून देणारा तेव्हा आईबाप नसतो, बहीण किंवा चुलतभाऊ असतो. खोटं लिहायची पाळी त्याच्यावर येते.

धानोरीकर साहेब, तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं अर्धं बरोबर आहे. दिव्यांग मुलाला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळते, २५ वर्षांची अट त्याला नाही. पण तो स्वतः पोट भरू शकत नाही असं असायला लागतं, आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. आधी ती सगळ्यांना सरसकट महिना ९ हजार आणि त्यावर महागाई भत्ता एवढीच होती, त्यात बरीच मुलं अडकायची. ८ फेब्रुवारी २०२१ ला बदल झाला. आता फॅमिली पेन्शन सोडून मुलाचं बाकीचं उत्पन्न हे त्याला मिळू शकणाऱ्या साध्या दराच्या फॅमिली पेन्शनपेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक त्यावरची महागाई, याच्यापेक्षा कमी पाहिजे. एवढंच.

म्हणजे तुमचं ६० हजार बेसिक धरलं तर १८ हजार. महागाई ५५ टक्के धरली तर २७,९०० महिना. वर्षाचे ३,३४,८००. एफडीला ७ टक्के मिळतात असं धरा, तर तेवढं व्याज यायला साधारण ४७-४८ लाख एकट्या मुलाच्या नावावर पाहिजेत. लक्षात घ्या, बँकेत किती पडलेत ते बघत नाहीत, त्यातून महिन्याला काय येतं ते बघतात. राहतं घर त्याच्या नावावर झालं म्हणून काही बिघडत नाही पण तेच भाड्याने दिलं की भाडं उत्पन्नात आलं, ही गोष्ट लोक हमखास विसरतात.

आणि घाई कसली? तुम्ही असताना पेन्शन तुमची, मग वहिनींची, मुलाची पाळी त्यानंतर. तोवर पैसे तुमच्या आणि वहिनींच्या नावावर सीनियर सिटीझन स्कीममध्ये ठेवा, प्रत्येकी ३० लाखांपर्यंत चालतं. कम्युटेशनला पण घाबरू नका, त्यानं तुमची पेन्शन कमी होते, फॅमिली पेन्शन शेवटच्या पगारावर निघते, तिला धक्का लागत नाही.

संजय गांधीचं म्हणाल तर दिव्यांगाला वर्षाला ५० हजारांच्या आत उत्पन्न लागतं आणि ते कुटुंबाचं बघतात. तुमची पेन्शन घरात येतेय तोवर एफडी असो नसो, तहसीलदाराचा दाखलाच तेवढ्याचा मिळणार नाही. ज्यांच्या घरात खरंच काही नाही त्यांच्यासाठी आहे ते. आता दिव्यांगांना १,५०० चे २,५०० केलेत.

सुमेधा कोथरूड

दादा, मी एफडीचं नाही, कागदांचं सांगते कारण आम्ही तिथे आपटलोय. माझा धाकटा भाऊ असाच आहे. बाबा गेले, आईला पेन्शन सुरू झाली, आणि पाच वर्षांनी आई गेली तेव्हा कळलं की बाबांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशावर, भावाचं नावच नाही!! सर्टिफिकेट होतं, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, बाबांच्या जुन्या बिलांच्या खाली. मग बँकेनं कोर्टाची गार्डियनशिप आणा म्हणून सांगितलं, वर्षभर चकरा. आपण हयात असतानाच दिव्यांग मुलाचं नाव पीपीओवर चढवून घेता येतं आणि त्याच्या वतीनं पेन्शन कोण घेईल त्याचं नॉमिनेशनपण देता येतं, हे केलेलं असलं की कोर्टाचा कागद मागायचं कारणच राहत नाही. नसेल केलं तर नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरची लोकल लेव्हल कमिटी असते, मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग यांना तिथून पालकत्वाचा कागद मिळतो, आम्हाला शेवटी तिथूनच मिळाला. सर्टिफिकेटवर ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय ना ते बघा, टेम्पररी असेल तर दर पाच वर्षांनी परत काढावं लागतं.

हडपसर ७८

आम्ही प्रायव्हेटवाले मात्र उपाशी. पीएफच्या १९९५ सालच्या पेन्शन योजनेत पण कायमच्या पूर्ण अपंग मुलाला वयाची अट नाही हे खरं, पण रक्कम बघितली की हसू येतं. आईवडील दोघं गेल्यावर विधवा पेन्शनच्या ७५ टक्के. माझ्या हिशोबात तीन आकडीपेक्षा जरा वर.

एडिसनकर

मूळचा सदाशिव पेठ, आता न्यूजर्सीत. तुमच्याकडे उत्पन्न बघतात हे वाचून हेवा वाटला, इथे साठवलेले पैसेच बघतात. गरीब दिव्यांग आणि म्हाताऱ्यांसाठी सरकारची एसएसआय नावाची महिन्याची मदत आहे, त्यात एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक नको, आणि हा आकडा १९८९ पासून तसाच आहे. राहतं घर आणि एक गाडी सोडून देतात. पण माणसानं स्वतःच नोकरीत साठवलेला रिटायरमेंटचा फंड काढता येत असेल तर तोही शिल्लकीत धरतात, म्हणजे आजारी पडून काम सुटलं की आधी म्हातारपणाचा पैसा खा, मग आमच्याकडे या. ठरावीक वयाच्या आत दिव्यांगत्व आलेल्यांसाठी एबल नावाचं बचत खातं काढता येतं, त्यातले पहिले एक लाख डॉलर मोजत नाहीत. आधी दिव्यांगत्व २६ च्या आत आलेलं लागायचं, २०२६ पासून ४६ केलंय. आणि आजी-आजोबांनी प्रेमानं नातवाच्या नावावर पैसे ठेवले की घोळ झालाच म्हणून समजा, त्यासाठी वेगळा ट्रस्ट करावा लागतो.

धानोरीकर

सगळ्यांचे आभार. सुमेधाताई, तुमचं वाचून लगेच कपाट उघडलं, सर्टिफिकेटवर कायमस्वरूपी आहे, जीव भांड्यात पडला. नॉमिनेशनला मुलीचं नाव देणार, ती वाकडला राहते, आज फोनवर हो म्हणाली. मिसेसला अकाउंट्सवाल्या साहेबांचा ४७ लाखांचा हिशोब वाचून दाखवला, तर म्हणाली एवढे आहेत का आपल्याकडे, उगाच घाबरवलंत मला दोन महिने.