दुष्काळ सरला, अधिभार उरला

परभणीकर:
"पेट्रोल महाग वाटते त्यांनी सायकल चालवावी, रस्ते काय आकाशातून पडतात?" असे काल एका सन्माननीय सदस्यांनी लिहिले, म्हणून हा प्रपंच. रस्त्यांसाठी कर भरण्यास माझी हरकत नाही. निमित्त संपल्यावरही चालू राहणाऱ्या कराला आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये राज्य सरकारने दुष्काळनिवारणासाठी म्हणून लिटरमागे दोन रुपये लावले. पुढच्या वर्षी पाऊस झाला, अधिभार मात्र हलला नाही. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकाने बंद झाली, तेव्हा बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी पेट्रोलवर आणखी तीन रुपये चढले. म्हणजे इतरांनी न प्यायलेल्या दारूचा कर स्कूटरवाल्याने भरला. जून 2020 मध्ये, टाळेबंदीत, पुन्हा दोन रुपये. आजही 25 टक्के व्हॅटवर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे वेगळे घेतले जातात. ते आता कोणत्या संकटासाठी? मनमाडहून येणाऱ्या टँकरचे भाडे आम्ही परभणीकर आधीच सोसतो, हे वेगळेच.

निवृत्त लेखापाल:
आपल्याला वाढीचे महिने पाठ आहेत, कपातीचे नाहीत. जुलै 2022 मध्ये राज्याने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये कमी केले, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. जीएसटी आल्यानंतर राज्याच्या स्वतःच्या हातात इंधन, दारू आणि मुद्रांक शुल्क एवढीच मोठी साधने उरली. केंद्राचे पाहा: मे 2022 च्या कपातीनंतर पेट्रोलवर 19 रुपये 90 पैसे उत्पादन शुल्क होते, त्यातले राज्यांशी वाटून घ्यायचे मूळ शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे, बाकी सारे उपकर आणि अधिभार. एप्रिल 2025 मध्ये आणखी दोन रुपये वाढले. आपण भांडायला आलात खरे, पण दार चुकलात.

बांदेकर:
दोन्ही दारांवर भांडू द्या की! आमचा टेंपो टाकी भरायला सीमा ओलांडून गोव्यातल्या पेडण्याला जातो आणि आमच्या बाजूचा पंपवाला माश्या मारतो. 2012 मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा गोवा काही बुडाला नव्हता.

निवृत्त लेखापाल:
बुडाला नाही, पण तो कर तिथे पुढे टप्प्याटप्प्याने परत आला, हेही सांगावे.

जुनी मोटारसायकल:
कराचे राहू द्या, निदान पैसे मोजून पेट्रोल तरी मिळते का? पाचवा हिस्सा इथेनॉल. माझी गाडी जुनी आहे. इंधनाचा रबरी पाइप चिरला, कार्ब्युरेटर दोनदा उघडावा लागला, आणि मेकॅनिकने सरळ या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडे, म्हणजे ई-20 कडे बोट दाखवले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, तरी लिटरचा भाव तोच. साधे पेट्रोल मागण्याचा पर्यायच ठेवलेला नाही. नागरिकाच्या टाकीत काय जावे हे ठरवणे ही सरकारची मर्यादा ओलांडण्याची हद्द झाली.

ऊसकरी, हातकणंगले:
मेकॅनिक म्हणाला, म्हणून झाले का सिद्ध? चौदा दिवसांत उसाचे पैसे द्यावेत असा कायदा 1966 पासून आहे. आमच्याकडे ते अनेक हंगाम महिनोन्‌महिने लटकत. कारखान्याने उसापासून इथेनॉल करणारी डिस्टिलरी उभारल्यावर बिले बरीच वेळेवर येऊ लागली. आपल्याला एक पाइप बदलावा लागला. आमच्या वडिलांनी थकलेल्या बिलापायी म्हैस विकली.

जुनी मोटारसायकल:
म्हशीचे दुःख खरे आहे, पण तिची भरपाई माझ्या टाकीतून का? आणि ऊस पाणी किती पितो, यावर कधीतरी बोला.

ऊसकरी, हातकणंगले:
पाण्यावर शहरातल्यांनी बोलू नये, एवढेच म्हणतो. मर्यादा ओलांडण्याची हद्द पाहायची असेल तर 7 डिसेंबर 2023 आठवा. तोपर्यंत 'इथेनॉल करा' म्हणून कर्जे घ्यायला लावली आणि ऐन हंगामात केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करणे थांबवले. नंतर थोडी सूट दिली, पण डिस्टिलरीचे हप्ते आदेशासाठी थांबत नाहीत. तेव्हा आपण मोटारसायकलवाले आमच्यासाठी एक ओळ तरी लिहिलीत का?

जुनी मोटारसायकल:
नाही लिहिली. अभिनंदन, आपल्यालाही सरकारनेच छळले, एवढ्यापुरते आपले जमले. साध्या पेट्रोलच्या पर्यायाची माझी मागणी कायम आहे.

परभणीकर:
ऊस आणि म्हैस आटोपली असेल तर लेखापाल महोदयांनी 5 रुपये 12 पैशांचे उत्तर द्यावे. केंद्रही भरपूर घेते, हे मला मान्य आहे. त्याने राज्याचे घेणे योग्य ठरत नाही.

निवृत्त लेखापाल:
तो पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथे कोणत्याही नोटेवर 'दुष्काळ' लिहिलेले नसते. निमित्त सांगून कर लावायचा आणि मुदत लिहायची नाही, ही पद्धत वाईट, इतके आपल्या समाधानासाठी मान्य करतो. आता तो काढल्यावर पडणारी तूट कोणत्या खात्यातून भरायची ते आपण सांगा. परभणीचे रस्ते सोडून.

बांदेकर:
परभणीत रस्ते आहेत?